ट्रंकेच्या तळापर्यंत

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

आमच्या घरात एक खोली होती. तिला आम्ही 'शिलाईची खोली' म्हणायचो. दहा फूट लांब, आठ फूट रुंद. खिडकीशी पायमशीन, मशीनच्या उजव्या हाताला भिंतीत कोनाडा, कोनाड्यात दोऱ्याची रिळं आणि बटणांनी भरलेले डालड्याचे डबे. भिंतीला खुंट्या, खुंट्यांना बोचकी, आणि समोरच्या भिंतीशी चार विटांवर ठेवलेली एक भली मोठी पत्र्याची ट्रंक. माझे वडील शिंपीकाम करायचे. साताऱ्याच्या मुलखातलं आमचं तालुक्याचं गाव. अब्बांचं दुकान बाजारपेठेत होतं, पण काज-बटण, तुरपाई आणि उरलंसुरलं सगळं शिवण या खोलीत व्हायचं. ते अम्मा करायची.

अब्बांना जाऊन आता पंधरा वर्षं झाली. गेल्या वर्षी अम्माही गेली. मग रस्ता रुंद होणार म्हणून घराची पुढची बाजू पाडण्याची नोटीस आली. शिलाईची खोली नेमकी पुढच्या बाजूला. मी आणि माझी बहीण खोली आवरायला बसलो. दोन दिवसांचं काम आहे असं आम्हाला वाटलं होतं. आठ दिवस लागले.

भंगारवाला दारातच उभा होता. "चिंध्या किलोवर घेतो," म्हणाला. बहिणीनं ट्रंकेचं झाकण उघडलं, वरचे दोन-तीन तुकडे हातात घेतले आणि त्याला म्हणाली, "तू नंतर ये." ती का थांबली ते तेव्हा मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं. ती ट्रंक पन्नास-साठ वर्षं फक्त वरून भरली गेली होती. तळापर्यंत कुणीच गेलं नव्हतं. वर नवं, खाली जुनं. विहीर खणताना जसे मातीचे थर लागतात, तसे कापडाचे थर लागत होते. मी इतिहासकार नाही. बी. ए.ला माझा विषय मराठी होता. पण त्या आठ दिवसांत मी जो इतिहास वाचला, तो मला कुठल्याच क्रमिक पुस्तकात भेटला नव्हता. तोच आज तुम्हाला सांगणार आहे.

त्याआधी ट्रंकेबाहेरची एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे म्हण आहे, 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा'. गिऱ्हाईक दुकानात बसून ही म्हण अब्बांना ऐकवायचं आणि अब्बाही हसायचे. पण त्या म्हणीचा सल त्यांच्या मनात असणार. शर्ट बेतून उरलेलं कापड, मग ते वीतभर का असेना, ते गुंडाळून शर्टाबरोबर परत द्यायचे. "ये अमानत है," म्हणायचे. गिऱ्हाइकानं "राहू द्या तुम्हालाच" असं तोंडानं म्हटलं, तरच ती कतरण घरी यायची. जे शिवून झालेले कपडे न्यायला कुणी आलंच नाही, त्यांचं पुडकं बांधून, वर नावाची चिठ्ठी टाचून, ते कोनाड्याच्या वरच्या फळीवर ठेवलं जायचं. आम्हाला त्या फळीवर अशी नऊ पुडकी सापडली. त्यांच्याकडे शेवटी येतो.

घरी आलेली कतरण अम्मा लावायची. तिची लावण्याची रीत रंगावर नव्हती, मापावर होती. हाताएवढा तुकडा एका बोचक्यात, वीतभर दुसऱ्यात, बोटभर रुंदीच्या पट्ट्या तिसऱ्यात, आणि ज्याला काहीच आकार नाही अशी चिंधी चौथ्यात. हाताएवढ्या तुकड्यांतून गोधडीची वरची बाजू व्हायची, वितीच्या तुकड्यांतून मधली नक्षी, पट्ट्यांची किनार, आणि चिंधी उशीत भरायला. जुनी लुगडी आणि पातळं मात्र बोचक्यात जायची नाहीत. ती अखंड घडी करून ट्रंकेत जायची, कारण गोधडीचं अंग आणि अस्तर त्यांचंच.

कापड ठेवायचे तिचे नियम ठरलेले होते. नवं कोरं कापड आधी धुऊन त्याची खळ काढायची, कारण कसर कापडापेक्षा खळीला लागते. कच्च्या रंगाचा तुकडा कधी पांढऱ्याशेजारी ठेवायचा नाही. जरीचा काठ मलमलीत गुंडाळायचा. डांबरगोळी कापडाला टेकू द्यायची नाही, पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवायची. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवूनच घालायचा, ओला घातला तर डाग पडतात. वैशाखात सगळी ट्रंक अंगणात उपसायची, उन्हं दाखवायची आणि परत भरताना प्रत्येक घडी वेगळ्या जागी मोडायची. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं कापड त्या घडीवरच विरतं. आम्ही मुलं चिंध्या फेकायला निघालो की ती आमच्या घरच्या बोलीत ओरडायची, "फेको नक्को, कामाकू आता!"

आता ट्रंकेकडे वळू. सगळ्यात वरच्या थरात निळ्या आणि खाकी रंगाचे तुकडे होते. बहुतेक सगळे शाळेच्या गणवेशाचे. १९९१ नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या बाजारपेठेत रेडिमेड कपड्यांची दुकानं एकामागून एक उघडली. लग्नाचा सूट, सणाचा शर्ट, पोरांचे फ्रॉक, सगळं तयार मिळू लागलं. अब्बांच्या हातात जूनमधले गणवेश तेवढे उरले. पुढे शाळाही गणवेश तयार घेऊ लागल्या. ट्रंकेत त्या निळ्या थराच्या वर काहीच नव्हतं. रेडिमेड कपड्याची कतरण घरी येत नाही, ती कारखान्यातच पडते. अम्मानं चिंध्या साठवणं थांबवलं नव्हतं. चिंध्याच यायच्या थांबल्या होत्या.

त्याच काळात घरात गोधडीच्या जागी ब्लँकेट आलं. ही स्वस्त ब्लँकेटं पुष्कळदा हरियाणातल्या पानिपतहून येतात. तिथे परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे यंत्रात पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढतात आणि त्या सुताची ब्लँकेटं विणतात. म्हणजे तीही एका अर्थानं चिंध्यांचीच. पण त्या चिंध्या कुणाच्या, हे पांघरणाऱ्याला कधीच समजणार नाही. अम्माच्या गोधडीवर बोट ठेवून मात्र ती सांगायची, हा तुझ्या मामाचा लेंगा, हा शेजारच्या काकूंचा परकर, हा तुझा पहिलीचा शर्ट.

दुसरा थर टेरीकॉटचा. जाड थर होता हा, जवळजवळ वीतभर. चकचकीत, चौकडीचे, विटकरी, मोरपिशी. तीस-चाळीस वर्षं ट्रंकेत राहूनही एकाचाही रंग उडाला नव्हता. पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी शोधला. आपल्याकडे तो पसरला साठ-सत्तरच्या दशकांत. टेरीकॉटचा शर्ट असणं ही तेव्हा ऐट होती. इस्त्री लागत नाही, वाळायला वेळ लागत नाही, फाटत नाही. अम्माला मात्र ते कापड कधी आवडलं नाही. सुई सटकते, टाका बसत नाही, आणि मुख्य म्हणजे ते घाम पीत नाही. गोधडी अंगावर घ्यायची ती ऊब देते म्हणून आणि घाम पिते म्हणूनही. त्यामुळे टेरीकॉटचे तुकडे ट्रंकेत येत राहिले, पण गोधडीत गेले नाहीत. म्हणून तर तो थर एवढा जाड.

या थरात हात घातला की गिरणगाव आठवतं. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांमधला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत त्याचे नेते. साठहून अधिक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. परळ-लालबागच्या खोल्यांमधून माणसं आपापल्या गावी परतली. कोकणात परतली, तशी आमच्या साताऱ्याकडेही परतली. आणि नेमकं त्याच साली, १९८२ मध्ये, रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. एकीकडे सुती गिरण्यांचे भोंगे बंद पडत होते आणि घाटाखाली नवा धागा निघत होता. १९८५ साली केंद्र सरकारचं नवं वस्त्रोद्योग धोरण आलं आणि यंत्रमाग व कृत्रिम धागा यांचा रस्ता आणखी मोकळा झाला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथले माग खडखडत राहिले. गिरण्यांच्या जागी पुढे काय उभं राहिलं ते आपण सगळेच जाणतो. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो. मला एवढंच आठवतं, की त्या वर्षी अब्बांच्या दुकानात बसायला माणसं खूप यायची आणि शिवायला कापड फारसं कुणी आणायचं नाही.

टेरीकॉटच्या खाली सुती थर लागला आणि बहिणीचा चेहरा बदलला. पॉपलिन, मांजरपाट, लट्ठा, केंब्रिक, चिटाचं फुलाफुलांचं कापड. हात लावला की थंड लागायचं. यातलं पुष्कळसं मुंबईच्या गिरण्यांचं. माझे एक मामा गिरणीत होते. गिरणीतून वजनावर विकले जाणारे तुकडे, ज्यांना 'फेंट' म्हणायचे, ते गणपतीला आणि ईदला गावी येताना बोचकंभर घेऊन यायचे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढायचं ठरवलं आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. तिथून पुढची सव्वाशे वर्षं सातारा, कोकण, कोल्हापूरच्या माणसांनी त्या गिरण्यांमध्ये सूत काढलं, कापड विणलं. त्यांच्या गावाकडच्या बायकांनी त्याच कापडाच्या तुकड्यांच्या गोधड्या शिवल्या. आमच्याकडच्या गोधड्यांना मुंबईचा वास होता, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

याच थरात मशीनच्या हप्त्यांचं एक पिवळं कार्ड सापडलं. शिवणयंत्राची गोष्ट मोठी गमतीची आहे. १८३० मध्ये तिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्यानं यंत्राचं पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये लष्कराचे गणवेश शिवायला ऐंशी यंत्रं लावली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी पोट बुडेल या भीतीनं ती सगळी फोडून टाकली. १८४६ मध्ये अमेरिकेत इलियास हौ यांना पेटंट मिळालं, १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांना. यंत्र महाग होतं, म्हणून सिंगरच्या भागीदारानं १८५६ मध्ये हप्त्यानं विकायची शक्कल काढली. सिंगरची यंत्रं १८७५ च्या सुमारास हिंदुस्थानात आली आणि पटेल नावाच्या एका पारशी गृहस्थांनी त्यांचा इथला कारभार अनेक वर्षं सांभाळला. गांधीजी यंत्रांच्या विरोधातले म्हणून ओळखले जातात. पण १९२४ साली एका संवादात त्यांनी शिवणयंत्राला अपवाद ठरवलं. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरनं प्रेमापोटी हे यंत्र केलं, असं त्यांनी त्यात सांगितलं आहे. सिंगरचं चरित्र काही इतकं प्रेमळ नव्हतं. बोस्टनमधल्या एका कारखान्यात दुसऱ्याचं यंत्र दुरुस्त करता करता त्याला ते सुधारायची कल्पना सुचली. पण गांधीजींना जे म्हणायचं होतं ते आमच्या घरापुरतं खरं होतं. १९३० च्या दशकात कोलकात्यात 'उषा'ची यंत्रं बनू लागली आणि हळूहळू तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. तसलंच एक यंत्र अब्बांनी हप्त्यानं घेतलं आणि घरी अम्मासमोर आणून ठेवलं.

त्या पिवळ्या कार्डावर नाव अब्बांचं आहे. दुकानाच्या पाटीवर नाव अब्बांचं, घराच्या उताऱ्यावर अब्बांचं. पाडण्याची नोटीससुद्धा, त्यांना जाऊन इतकी वर्षं होऊनही, अब्बांच्याच नावानं आली. जी बाई चाळीस वर्षं त्या खोलीत बसून शिवत होती, तिचं नाव त्या खोलीतल्या एकाही कागदावर आम्हाला सापडलं नाही. तिची नोंद होती ती कापडात.

आणि गंमत म्हणजे एवढं मशीन पायाशी असूनही गोधडी तिनं कधी त्याच्यावर शिवली नाही. चार-पाच पदर एकावर एक आले की मशीनची सुई मोडते, हे एक कारण. दुसरं असं, की मशीनचा टाका ताठ असतो आणि हातचा धावदोरा मऊ राहतो. अंगणात चटई टाकून, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून, कडेनं सुरुवात करायची आणि आत आत यायचं. तीन-चार बाया चारी बाजूंनी बसायच्या. कौसरखाला असायच्या, शेजारच्या काकू असायच्या. कोण कुठल्या बाजूनं शिवतंय ते टाक्यावरून ओळखू यायचं. हीच गोधडी कर्नाटकात कौदी होते, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, राजस्थान-सिंधकडे रल्ली. उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांच्या बायका कवंदी शिवतात. त्या समाजात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. त्यांच्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर कापडाचं 'फूल' असतं. ते लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

चौथा थर लुगड्यांचा. माझी दादी लुगडंच नेसायची, आमच्या गावातल्या तिच्या वयाच्या सगळ्या बायकांसारखं. हिरवं, जांभळं, चॉकलेटी, हातमागावरचं. घड्यांवर विरलेलं, पण काठ अजून ताठ. त्यातच एक जाडंभरडं, पिवळट, रंगाचा पत्ता नसलेलं कापड निघालं. बहिणीनं विचारलं, "हे कशाला ठेवलं असेल?" मला दादीचं बोलणं आठवलं. दुसऱ्या महायुद्धात कापडाची एवढी टंचाई झाली की १९४३ मध्ये सरकारला कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणावं लागलं आणि गरिबांसाठी 'स्टँडर्ड क्लॉथ' नावाचं स्वस्त कापड काढावं लागलं. कार्डावर मोजून कापड मिळायचं. एक बाई घराबाहेर गेली की दुसरी आत बसून राहायची, कारण नेसायचं लुगडं एकच, असं दादी सांगायची. लहानपणी आम्हाला ती अतिशयोक्ती वाटायची. ते पिवळट कापड हातात घेतल्यावर वाटली नाही. ज्या पिढीनं ते दिवस पाहिले, तिला चिंधी फेकवत नव्हती, आणि तिनं पुढच्या पिढीलाही फेकू दिली नाही.

लुगड्याचा प्रवास आमच्या घरी ठरलेला होता. दादीनं नेसून विरलं की त्याच्या चांगल्या भागाचा बहिणीला परकर. परकर आखूड झाला की गोधडीत. गोधडी फाटली की ती खाली अंथरायला. तेही विरलं की पायपुसणं. पायपुसण्याचं फडकं, आणि फडक्याचं शेवटी पोतेरं. शेणामातीनं जमीन सारवताना ते मातीत मिसळून जायचं.

काही वर्षांपूर्वी पाली विनयपिटकातली एक कथा वाचताना मी दचकलो होतो. कौशांबीच्या राजा उदयनाच्या राण्यांनी भिक्खू आनंदाला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला राग आला. एवढ्या वस्त्रांचं हा भिक्खू करणार काय, दुकान मांडणार का? त्यानं आनंदालाच जाऊन विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झालीत त्यांना वाटीन. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं होतील. जुन्या पांघरुणांचं? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवरची अंथरुणं. अंथरुणांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि फडकी फाटली की तुकडे करून, चिखलात कालवून जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली. मी ती कथा अम्माला वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्यात नवल काय? सगळे असंच करतात."

भिक्खूंचं चीवरही तुकडे जोडूनच शिवायचं असतं. मगध देशातली बांध घातलेली शेतं पाहून बुद्धांनी आनंदाला तसं वस्त्र बेतायला सांगितलं, असं तोच ग्रंथ सांगतो. आमच्या सूफींकडे ठिगळांचा खिरका असतो, तो मुर्शिद मुरीदाला देतो. खुलताबादला जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्यात पैगंबरांचं म्हणून मानलं जाणारं वस्त्र जपून ठेवलेलं आहे. ते वर्षातून एकदा, ईद-ए-मिलादला, लोकांना दाखवलं जातं. आणि आपल्या अगदी जवळच्या काळातले गाडगेबाबा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेला, १९५६ पर्यंत हातात खराटा घेऊन गावं झाडणारा हा माणूस चिंध्यांची गोधडीच अंगावर घ्यायचा. कुठे कुठे लोक त्यांना चिंधेबुवा आणि गोधडेबाबाच म्हणत. या थोरांनी ठिगळ मुद्दाम घेतलं. आमच्या दादीनं नाइलाजानं घेतलं. तरीही दोघांच्या कापडाकडे पाहायच्या नजरेत मला फार अंतर दिसत नाही. कापडामागे कुणाचे तरी हात आहेत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

लुगड्यांच्या खाली एक वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. त्यावर काहीच नव्हतं. फक्त एक चौकोन होता. बाकी कागद तपकिरी पडलेला आणि तेवढा चौकोन पांढरट. तिथे काय होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. हजहून आलेल्या एका नातेवाईक बाईनं झमझमच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं पांढरं कापड अम्माला आणून दिलं होतं. अम्मानं ते सगळ्यात खाली ठेवलं. गेल्या वर्षी ते काढताना बहिणीनं वरचे थर न उसकटता बाजूनं हात घालून ओढून घेतलं होतं. कफनाला शिलाई नसते. पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच, नुसते बेतलेले. गावात कुणी गेलं की कापड बेतायला अब्बांना बोलावणं यायचं आणि ते सुई-दोरा न घेता फक्त कात्री घेऊन जायचे. जन्मभर कतरण सांभाळणाऱ्या बाईच्या वाट्याला शेवटी अखंड, टाका नसलेलं कापड आलं.

खोली आता पाडली गेली आहे. कापडाची वाटणी आम्ही अशी केली. टेरीकॉट भंगारवाल्याला दिलं. सुती आणि लुगडी गावातल्याच एका गोधडी शिवणाऱ्या बाईंकडे नेली. त्या पूर्वी घरोघर जाऊन शिवायच्या, आता त्यांना शहरातल्या दुकानांसाठी नव्या कापडाच्या गोधड्या शिवायचं काम मिळतं. त्यांनी गाठोडं सोडलं, एक लुगडं गालाला लावलं आणि विचारलं, "कुणाची कापडं?" आम्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग अंगाला यांचंच घालते, नवं नको." तीन गोधड्या झाल्या. मजुरी त्यांनी मागितली त्याहून जास्त दिली, कारण आमच्या आईला तिच्या हातच्या कामाची मजुरी कुणी कधी दिली नव्हती.

राहिली ती नऊ पुडकी. अब्बांची अमानत. चिठ्ठ्यांवरची नावं पुसट झाली होती, तरी सात घरं सापडली. दोन घरांनी हसून घेतली, एका घरानं "आता काय करायचं याचं?" म्हणून परत केलं. एक पुडकं १९८३ सालचं होतं. गिरणीच्या संपानंतर गावी परतलेल्या एका कामगाराचं. आत सुती पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, गिरणीच्याच कापडाचा, काज-बटणासकट तयार. शिवून झाल्यावर तो माणूस न्यायला आला नव्हता. शिलाईचे पैसे नसावेत. अब्बांनी दोन-तीनदा निरोप धाडला होता, "पैशाचं नंतर बघू," असा, हे मला आठवतं. तरी तो आला नाही.

तो माणूस आता नाही. त्याचा मुलगा माझ्याच वयाचा, शेती करतो. त्यानं शर्ट उलगडला, खांद्याला लावून पाहिला. त्याला बरोबर बसत होता. शर्टाच्या घडीतून वीतभर कतरण खाली पडली. अब्बांनी उरलेलं कापडही ठेवलं होतं. त्यानं ती उचलली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग म्हणाला, "शिलाई किती झाली?"

मी म्हणालो, "चिठ्ठीवर बारा रुपये लिहिलेत."

त्यानं बारा रुपये मोजून दिले. मी घेतले. घ्यायला हवेत, असं मला वाटलं.